सुगीचा पंप

गेल्या सुगीत माहेरी गेले होते. दिवाळीला अजून आठवडा होता. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून दिवेलागणीला चौकातल्या मेडिकलवर गेले. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, टोपी हातात, आणि भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मिशांच्या टोकांवर फिकट पिवळी पूड बसलेली. सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालू असताना मधूनच उठून आले होते, हे बघताक्षणी कळत होतं. काउंटरला एका हाताने धरून, दोन शब्दांमध्ये एक श्वास घेत ते म्हणाले, "बाबू, सुगीचा पंप दे एक." दुकानातल्या पोराने कुठला, कुणासाठी, चिठ्ठी आहे का, काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून निळा पंप काढून पुढे ठेवला. म्हाताऱ्यांनी कोपरीच्या खिशातली प्लॅस्टिकची पिशवी सोडून पैसे मोजले, पायरीवर उभं राहून पंप हलवला, दोनदा ओढला आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच थांबले. मग टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "निम्मी रास राहिलीय अजून," असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले आणि अंधारात निघून गेले.

सुगीचा पंप.

गोळ्या घेऊन घरी आले, आईला दिल्या, जेवले. पण तो शब्द काही केल्या मनातून जाईना. आमच्याकडे सुगीचं म्हणून बरंच काही असतं. सुगीचे पैसे, सुगीतलं लगीन, सुगीला फेडतो म्हणून घेतलेली उसनवारी. त्या रांगेत श्वासाचं औषध इतकं सहज येऊन बसलं होतं की मागणाऱ्याला ते सांगावंसं वाटलं नाही आणि देणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. जसा मिरगाला बियाणाचा भाव विचारायचा, तसा दसरा झाला की पंप घ्यायचा. आजाराला पंचांगात जागा मिळाली की तो आजार वाटेनासा होतो, तो ऋतूच होऊन जातो. आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, याचंच जास्त वाईट वाटलं. कारण असाच एक निळा पंप आमच्या घरात वीस वर्षं होता.

अण्णांचा पंप माजघरातल्या देवळीत, कंदिलाच्या शेजारी असायचा. दसऱ्याला आई विळे, खुरपी, कोयते धुऊन, कुंकू लावून देवापुढे मांडायची. त्याच दिवशी अण्णा देवळीतून पंप काढायचे, कानाशी नेऊन हलवायचे आणि आत किती उरलंय याचा अंदाज घ्यायचे. मला लहानपणी तो सणाचाच एक भाग वाटे. नंतर मी शिकायला पुण्याला गेले, तिथंच राहिले. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये फोनवर अण्णांचं बोलणं तुटक व्हायचं. "राशी चालू हायत," एवढंच आई सांगायची. मीही तेवढ्यावर समजून घ्यायची. डिसेंबर उजाडेपर्यंत अण्णांचा आवाज पुन्हा भरून यायचा आणि मग वर्षभर कुणी त्या विषयाचं नाव काढत नसे.

लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव तालुक्याचं. चारी बाजूंनी काळी जमीन, मध्ये बाजार, एक बसस्टँड, दोन-तीन डाळमिली. माझ्या लहानपणी ज्वारी आणि तुरीचा मुलूख होता, आता खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं. सोयाबीनचं झाड जवळून कुणी बघितलं नसेल तर सांगते. शेंगेवर, देठावर, खोडावर तांबूस रंगाची बारीक लव असते. हिरव्या झाडावरून हात फिरवला तर ती मऊ लागते. झाड वाळलं की तीच लव ठिसूळ होते. मग कापणी होते, बनीम म्हणजे पेंढ्यांची गंज लागते, आणि ऊन पडलं की हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, येतो. ट्रॅक्टरला जोडलेला हडंबा चालू झाला की शेजारी उभ्या माणसाला ओरडून बोलावं लागतं. एका तोंडाने पेंढ्या आत जातात, खालून दाणे पडतात आणि तिसरीकडून गुळी, म्हणजे भुसकट, उडते. गुळी जड असते, ती ढिगावर जाऊन पडते. पण तिच्यासोबत लव उडते, टरफलांचा चुरा उडतो, मुळांना चिकटून आलेली माती उडते. रात्री ट्रॅक्टरच्या दिव्यासमोर बघितलं तर धुकं पडल्यासारखं दिसतं, फक्त हे धुकं कोरडं असतं आणि त्याला भाजलेल्या कडधान्यासारखा, जरा कडवट वास असतो. पेंढ्या टाकणाऱ्याच्या मानेला, कोपराच्या आतल्या घडीला, कमरेच्या नाडीपाशी खाज सुटते. दोन बंब पाण्याने आंघोळ केली तरी ती जात नाही. दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं की रुमालावर पिवळट काळं येतं. ज्याच्या रुमालावर ते येतं, त्याच्या घरी धान्य आलेलं असतं.

याला आमच्याकडे धुराळा म्हणतात. प्रदूषण कुणी म्हणत नाही.

प्रदूषण हा शब्द आमच्या बाजूला शहरासाठी राखून ठेवलेला आहे. अण्णा पुण्याला माझ्याकडे यायचे तेव्हा रिक्षात बसल्याबसल्या उपरण्याचं टोक नाकाला लावायचे. "काय हवा गं तुमची. कसं ऱ्हाताव बायांनो." दोन दिवसांत त्यांना गावाची आठवण यायची, आणि परत गेल्यावर फोन करून सांगायचे की आता कसं मोकळं वाटतंय. ते खरंच सांगत असायचे. उन्हाळ्यात आले असले तर आमच्या घरामागच्या शेताची हवा पुण्याच्या चौकापेक्षा त्यांच्या छातीला बरी असणार. पण चार महिन्यांनी त्याच शेतात उभं राहून त्यांना दहा पावलं चालणं जड जायचं, तेव्हा हवेचं नाव ते घेत नसत. "माझं वयच झालं," म्हणायचे. तेव्हा ते पन्नाशीचे होते.

आणि वाऱ्याची मात्र त्यांना चांगली जाण होती. माझ्या लहानपणी ज्वारीची खळी असायची, शेणाने सारवलेली, गुळगुळीत. फाल्गुनात कणसं मोडून खळ्यावर पसरायची, बैल फिरवायचे, आणि मग सगळं वाऱ्यावर सोपवायचं. तीन पायांच्या उंच लाकडी माचीवर अण्णा उभे राहायचे, खालून चुलते पाटी भरून द्यायचे आणि अण्णा ती हळूहळू उपणायचे. त्याआधी एक मूठ भुसा हवेत सोडून बघायचे, तो कुठं जातो त्यावर माची कुठं मांडायची ते ठरायचं. भुसा गावाकडे जात असला तर थांबायचं. वारं पडलेलं असलं तर झोपायचं. कितीदा तरी रात्री दोन-तीनला वारं सुटलं म्हणून घरातली माणसं उठून खळ्यावर गेलेली मला आठवतात. आम्ही पोरं कडब्याच्या गंजीला पाठ लावून बघत बसायचो. चांदण्यात दाणे सरळ खाली पडायचे आणि भुसा पांढऱ्या पदरासारखा दूर सरकत जायचा. तेव्हाही कणसांची कूस होती, खाज होती, खोकलाही होता. जुनं ते सगळं चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. कंबर मोडायची ती कामं होती आणि हडंबा आला तेव्हा आईने देवाला साखर ठेवली होती. पण एक गोष्ट खरी, तेव्हा वाऱ्याशिवाय काम पुढे सरकतच नसे, म्हणून धुराळा उडायचा तो वाहत्या हवेतच. हडंब्याला वारं लागत नाही. तो पडल्या वाऱ्यातही तेवढाच उडवतो.

आणि नेमकं ऑक्टोबरातच वारं पडतं. पाऊस परत फिरला की आकाश निरभ्र होतं, दिवसा चटके बसतात आणि रात्री अंगावर गोधडी लागते. सूर्य कलला की जमीन भराभर थंड होते, जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते आणि तिच्यावर गरम हवेचं झाकण पडतं. खालचा धूर, धूळ, काही वर जाऊ शकत नाही. हे पुस्तकात वाचलं ते फार नंतर. डोळ्यांनी मात्र लहानपणापासून बघितलेलं. संध्याकाळी सहा-साडेसहाला शिवारात कुठंतरी धसकटं पेटवलेली असतात. त्यांचा धूर सरळ वर चढतो, बाभळीच्या शेंड्याएवढा झाला की एकदम थबकतो आणि आडवा पसरतो. ओढ्याच्या खोलगट भागात तर चादर अंथरल्यासारखा रात्रभर पडून राहतो. राशी रात्री चालतात, कारण दिवसा मशीन मिळत नाही. म्हणजे जी वेळ हवेच्या दृष्टीने सगळ्यात बंदिस्त, तीच आमची सगळ्यात जास्त धूळ उडवण्याची वेळ.

बाकीच्या ऋतूंनाही आपापली धूळ आहे, पण ती वेगळी. थंडीत मांजरेच्या काठचा ऊस तुटायला लागतो. कारखाने सुरू होतात आणि तोडलेल्या फडांतलं पाचट पेटतं. आमचं गाव नदीपासून लांब, तरी सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीच्या बारीक काड्या येऊन पडलेल्या असतात. बोटाने उचलायला गेलं की फरकाटा उठतो, म्हणून आई त्या फुंकून उडवते. वहिनी नवीन लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने पांढऱ्या साडीवरची काडी चिमटीत धरली होती. तो डाग निघाला नाही. मग घरात बंबाखाली तुराट्या जळतात, त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो पण वासाला गोड असतो, आणि त्या वासाबद्दल माझ्या मनात प्रेमाशिवाय दुसरं काही येत नाही.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त धूळ दिसते. नांगरट झालेली काळी रानं, ढेकळं फुटून झालेला फुफाटा, दुपारी बाराला गावाबाहेर नाचणाऱ्या वावटळी. आभाळाचा निळा रंग जाऊन ते दुधट होतं. पायऱ्या तासातासाला झाडाव्या लागतात, माठावरच्या फडक्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटते. पण गंमत अशी की या दिवसांत अण्णांना काही होत नसे. वैशाखात ते बैलगाडीमागे चालत रानात जायचे आणि परत येऊन ओसरीवर मोठ्याने बोलत बसायचे. उन्हाळ्यात तापलेली हवा फार उंचापर्यंत घुसळली जाते, त्यामुळे खाली काही साचत नाही, हे एक. आणि दुसरं, ती नुसती माती असते. मातीचे बरेचसे कण मोठे असतात, नाकात आणि घशात अडकतात, शिंकेने, खाकरण्याने बाहेर पडतात. धुराचे कण त्याहून फार बारीक, ते छातीत खोलवर जाऊन बसतात. आणि सोयाबीनच्या लवेत, टरफलात, ओल्या गुळीवरच्या बुरशीत असं काहीतरी असतं की ज्याला ते बाधतं त्याचं शरीर त्याच्याशी भांडायला उठतं आणि त्या भांडणात श्वासनळ्या आवळल्या जातात. डोळ्यांना तिन्ही एकच धूळ दिसते. अण्णांच्या छातीला मात्र त्यातला फरक बरोबर कळायचा.

मग पाऊस येतो आणि सगळं धुऊन नेतो. श्रावणात आमच्या गच्चीवरून बालाघाटाची रांग अशी स्वच्छ दिसते की डोंगरावरची झाडं मोजावीत. फक्त पोळ्याच्या सुमाराला बांधांवर गाजर गवत पांढरं होतं आणि शिंका सुरू होतात. तेवढं सोडलं तर वर्षातली ती सगळ्यात चांगली हवा.

आमच्या गावात हवा मोजणारं यंत्र नाही. लातूर शहराचं नाव केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. २०१९ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला. जालना, सोलापूर ही आमच्यासारखीच कोरड्या मुलखातली शहरंही त्या यादीत आहेत. म्हणजे कोरड्या मुलखात हवा बिघडते हे सरकारच्या कागदावर आलेलं आहे. पण कागद शहराच्या वेशीवर थांबतो. आपल्याकडच्या २००९ च्या मानकांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीला पीएम १०, म्हणजे हवेतले बारीक कण, घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आणि पीएम २.५, म्हणजे त्यातले अतिबारीक कण, ६० मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नयेत. राशीच्या रात्री हडंब्यापासून दहा फुटांवर ते किती असतं, हे मोजायला तिथं कुणी गेलेलं मी बघितलं नाही. माझ्या फोनमधलं अॅप गावाच्या नावापुढे एक आकडा दाखवतं, पण तो लांबच्या यंत्रांवरून आणि उपग्रहांवरून लावलेला अंदाज असतो. त्या रात्री मेडिकलवरून आल्यावर मी तो बघितला. रंग पिवळा होता, मध्यम. म्हाताऱ्यांच्या भुवयांवर जे होतं ते त्या आकड्यात नव्हतं.

सोयाबीन आणि दमा यांचा संबंध मी शोधायला लागले तेव्हा वाट थेट स्पेनमध्ये गेली. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात २६ वेळा दम्याची साथ आली. साथ म्हणजे अक्षरशः साथ. एखाद्या दिवशी काही तासांत दवाखान्यांत रांगा लागायच्या, काही माणसं दगावायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. बराच काळ कारण सापडेना. शेवटी डॉक्टरांनी साथीच्या तारखा आणि बंदरातल्या जहाजांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. त्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरत होतं. ज्या कोठारात ते भरलं जायचं त्याच्या माथ्यावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. वारं मंद असलं की टरफलांची धूळ बंदरालगतच्या वस्त्यांवर उतरायची. गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. हे वाचताना मी एका बैठकीत तीनदा मागे जाऊन वाचलं. ज्यांनी आयुष्यात सोयाबीनचं झाडही बघितलं नसेल, त्या माणसांना आमच्या अण्णांचा आजार झाला होता. आणि त्यांच्यासाठी कुणीतरी तारखा लिहून ठेवल्या होत्या. आमच्याकडे तारखा लिहायची गरजच नव्हती, दसरा सगळ्यांना पाठ होता. पण पाठ होता म्हणूनच कुणी त्याच्याकडे कारण म्हणून बघितलं नाही.

आमच्यापुढची अडचण त्यांच्यापेक्षा अवघड आहे, हेही मान्य करते. तिथं एक कोठार होतं. इथं शिवारात एका रात्री पन्नास हडंबे चालतात, पन्नास ठिकाणी. प्रत्येकाला गाळणी कुठून लावणार. पण बाजार एक आहे. डाळमिली मोजक्या आहेत. तिथं पत्र्याच्या छताखाली, भिंतींच्या आत, त्याच माणसांच्या नाकासमोर वर्षानुवर्षं तीच धूळ उडते, तिथं तरी काही करता येईल, आणि ते होत नाही याचा मला राग येतो. आडत बाजारात मी लहानपणी अण्णांबरोबर जायची. पत्र्यातल्या भोकांतून उन्हाचे सोटे खाली आलेले असायचे आणि त्यांच्यात धूळ इतकी दाट की ते हाताने धरावेत असं वाटायचं. हमाल पोतं पाठीवरून खाली सोडायचे, प्रत्येक पोत्यागणिक ढग उठायचा. कडेला बायका बसलेल्या असायच्या, सांडलेलं मातेरं चाळत. चाळणी छातीच्या उंचीवर, तोंडापासून हातभर. त्यातल्या एक मावशी आमच्याच गल्लीतल्या. पदर नाकावरून बांधलेला असायचा आणि नाकापुढे त्या पदरावर ओला काळा ठिपका पडलेला असायचा, श्वासाचा. मी एकदा विचारलं होतं की मावशी, दम लागत नाही का. त्या म्हणाल्या, "लागतो की. पर धुळीतच पोट हाय माय." इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० च्या सुमारास निरनिराळ्या धंद्यांतले आजार लिहून काढले, त्यात धान्य चाळणारे आणि मापणारे होते. त्यांना दम लागतो आणि ते सहसा म्हातारपण बघत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. तीनशे वर्षं झाली त्याला. मावशी साठीच्या आत गेल्या.

पण हा राग सरळ नाही, आणि त्याचं कारण २०१५ साल आहे.

त्या वर्षी पाऊस फारच कमी झाला. आदल्या वर्षीही कमीच होता. सोयाबीन गुडघ्यालाही लागलं नाही, शेंगा धरल्या त्या पोचट. बऱ्याच जणांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. दसरा आला, पण हडंबे आले नाहीत. मी दिवाळीला गेले तेव्हा संध्याकाळ इतकी शांत होती की दूरच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं. हवा स्वच्छ. ओढ्यावर धुराची चादर नाही, कारण जाळायलाही काही नव्हतं. आणि अण्णा ठणठणीत. अंगणात येरझारा घालत होते, पायऱ्या चढत होते, रात्री माझ्याशी दोन तास बोलत बसले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या सुगीत देवळीतला पंप खाली आला नाही. मी भाबडेपणाने म्हणाले, "अण्णा, यंदा तब्येत किती छान आहे तुमची." ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "छान हाय. पर असली तब्येत नगं बाई." पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशाने बघितलं. त्या उन्हाळ्यात अण्णांनी दोन्ही बैल विकले.

आणि मग २०१६. पाऊस असा पडला की सप्टेंबरअखेरीस मांजरा धरण भरायला लागलं, बघायला माणसांची जत्रा लोटली. सोयाबीन जोरात होतं, पण काढणीच्या तोंडावरही पाऊस थांबेना. बनमी आतून भिजल्या. त्या उघडल्या तेव्हा वाफ निघाली आणि कुबट, आंबूस वास सुटला. पेंढ्यांच्या आत बुरशीची पांढरी-करडी जाळी होती. त्या पेंढ्या हडंब्यात गेल्या तेव्हा जे उडालं ते धुराळ्यापेक्षा धुरासारखं जास्त होतं. अण्णा त्या वर्षी स्वतः पेंढ्या टाकायला उभे राहिले. दादाने अडवलं, आईने अडवलं, ऐकलं नाही. वर्षभर रिकाम्या बसलेल्या माणसाला धान्यापासून लांब उभं राहा म्हणून कोण सांगणार. तिसऱ्या रात्री त्यांना लातूरला न्यावं लागलं. मी पुण्याहून निघून पहाटे पोचले तेव्हा नाकावर वाफेचा मुखवटा होता आणि बोटांच्या नखांत अजून सोयाबीनची पूड होती. मला बघून त्यांनी मुखवटा बाजूला सारला आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, "एकरी नऊ क्विंटल निघालं."

तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून शांतपणे समजावलं. निळा पंप फक्त आवळलेल्या नळ्या काही तासांपुरत्या सैल करतो. आत जी सूज असते ती तशीच राहते. तिच्यासाठी दुसरा पंप असतो, तो रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा, आणि सुगीच्या कितीतरी आधीपासून. अण्णांनी तो चार महिने घेतला. मग उन्हाळा आला, छाती मोकळी झाली आणि त्यांनी तो बंद केला. "रोज घेतला की सवय लागती," हे त्यांच्या मनातून कुणालाच काढता आलं नाही. ज्या औषधाने लगेच काही जाणवत नाही त्याच्यावर पैसे घालणं त्यांना पटत नसे. मला चिडायला हवं होतं, पण मी पुण्यात होते आणि फोनवर चिडून काही होत नाही. अण्णा गेले त्याला आता चार वर्षं झाली. दम्याने गेले नाहीत. पण पंप अजून देवळीत आहे. आईने तो टाकलेला नाही.

मेडिकलवरच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी आमचीच रास होती. दादाचं त्या वर्षी तीन एकर सोयाबीन. मशीन रात्री नऊला मिळालं. मी मुद्दाम गेले, नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन. त्याला त्याच्या आदल्या सुगीपासून खोकला येतो. वहिनी म्हणते, राशी संपल्या की थांबतो. जाताना मी ओल्या रुमालाची दुहेरी घडी त्याच्या नाकातोंडावर घट्ट बांधली. बारीक धूर त्याने अडत नाही हे मला माहीत होतं, पण लव तरी अडेल. दादाने हडंबा उभा करायच्या आधी गुळीची मूठ उचलली आणि सोडली. अगदी अण्णांसारखी, हात खांद्याच्या वर नेऊन. ती सरळ त्याच्या पायाशी पडली. "वारं न्हाई," तो म्हणाला, "अर्धा तास थांबू का?" मशीनवाला हसला नाही, चिडलाही नाही. "दादा, तुमच्यानंतर अजून तीन ठिकाणी जायचंय. वाऱ्याची वाट बगत बसलो तर उजाडंल." मग ट्रॅक्टर सुरू झाला.

भाच्याला मी बांधावर बसवलं होतं, बऱ्यापैकी लांब. थोड्या वेळाने बघते तर तो हडंब्याच्या तोंडापाशी, दाणे पडतात तिथं ओंजळ धरून उभा. मी हाक मारली, आवाजात ती बुडाली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा उठून त्याला ओढून आणायला गेले. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही, आणि माझा हात धरून त्याने धारेखाली ओढला. दाणे कोमट होते. मशीनमधून नुकतेच निघालेले दाणे जरासे कोमट असतात, हे मी विसरून गेले होते. गोल, गुळगुळीत, बोटांमधून निसटणारे, आणि खाली पिवळा ढीग वाढत चाललेला. दिव्याच्या झोतात आमच्या दोघांभोवती ते कोरडं धुकं फिरत होतं. मी किती वेळ तशी उभी राहिले मला सांगता येणार नाही. माझ्याही घशात खवखवायला लागलं तेव्हा त्याला घेऊन मागे सरले.

साडेअकराला मशीन थांबलं तेव्हा कानांत शांतता वाजत होती. पोती शिवता शिवता दादा मोजत होता. तेवढ्यात आईचा फोन आला, ती झोपली नव्हती.

"किती झाले?"

"चाळीस कट्टे."

पलीकडे तिने देवाचं नाव घेतलेलं ऐकू आलं. मग जरा थांबून म्हणाली, "लेकराच्या तोंडाला बांधलं हुतं का न्हाई?"

भाचा पोत्यांच्या थप्पीवर पाय सोडून बसला होता. रुमाल सैल होऊन गळ्यात आला होता आणि तो दोन्ही मुठींनी भुवयांवरची पिवळी पूड झाडत होता.

"बांधलं होतं," मी म्हणाले.